मी मोजलेली फेरी

ओस्लो, शनिवार संध्याकाळ

प्रिय टोरुन,

उद्याच्या, मोसमातल्या शेवटच्या बायथलॉन शर्यतीचे क्रमांक जाहीर झाले. मला तेरा, तुला चौदा. आमच्या स्कीला मेण लावणारा टार्मो धावत सांगायला आला, तेव्हा मला वाटलं थट्टा करतोय. म्हणून मी स्वतः खाली जाऊन तुमच्याच कोचला विचारलं. तो म्हणाला, "हो, तेरा-चौदा. का गं, तेरा अशुभ वाटतो का?" मी म्हटलं, मला नाही वाटत, चौदाला विचारून बघा. तो हसला. त्याला काय कळणार! या शर्यतीत तीसजणी पाठीला रायफल लावून स्कीवर एकदम सुटतात आणि मध्ये थांबून करायच्या पहिल्या नेमबाजीला जागा निवडता येत नाही. छातीवर जो क्रमांक, त्याच क्रमांकाच्या चटईवर आडवं पडायचं. म्हणजे उद्या दुपारी तू माझ्या डाव्या हाताला असशील, मध्ये एकही रिकामी चटई न ठेवता. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

तुला वाटलं असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं. रूपोल्डिंगला माझ्याशेजारची मोकळी चटई सोडून तू दोन चटया पुढे गेलीस, आणि तुमचा कोच दुर्बिणीमागून ओरडला, "फिरायला आलीस का?" नोव्हे मेस्तोला वाऱ्याने सगळ्याजणी अलीकडे दाटीवाटीने उभ्या होत्या आणि तू एकटी पार टोकाला. जिने आयुष्यात कुणाला एक सेकंद फुकट दिला नाही, ती माझ्याशेजारी उभं राहायला नको म्हणून सेकंद उधळते आहे, हे मला नाही दिसणार तर कुणाला? उजव्या हाताने नेम धरणाऱ्या तुम्ही सगळ्या एकमेकींच्या पाठी बघत उभ्या असता. मी डावखुरी. उभ्याने नेम धरताना माझं तोंड उलट्या दिशेला, तुमच्याकडे. माझ्या डावीकडे जी कोण असेल ती आणि मी अगदी समोरासमोर, जेवायला बसल्यासारख्या. पहिल्यांदा भेटलो तेव्हा तूच म्हणाली होतीस, "बरं झालं डावखुरी आहेस, नेम धरता धरता गप्पा मारता येतील." तेव्हापासून मी सगळ्यांचे चेहरे बघत आले आहे, टोरुन. ओबरहोफला तुझाही बघितला.

त्याबद्दल आपण एक शब्दही बोललेलो नाही. म्हणून मला जे दिसलं ते एकदा क्रमाने लिहिते. चुकत असेन तर उद्या माझ्या तोंडावर सांग.

धुकं होतं. ओबरहोफला धुकं नसेल तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील, असं टार्मो म्हणतो. पण त्या दिवशी ते नेमबाजीच्या रेंजवर येऊन बसलंच होतं. छोटी शर्यत, एकदा आडवं पडून पाच गोळ्या, एकदा उभ्याने पाच. आडवं पडून मी टार्गेटवरचे पाचही काळे ठिपके पाडून पांढरे केले होते. उभ्याने मारायला आले तर डावीकडे तू आधीच उभी. मी उजवीकडून डावीकडे मारत जाते, तू डावीकडून उजवीकडे, म्हणजे माझा शेवटचा ठिपका आणि तुझा शेवटचा ठिपका शेजारी-शेजारी. चार पडले. पाचव्याला बोट दाबलं त्याच क्षणी मला कळलं की गेली. नळी हलली होती. तिकडे कडेच्या पत्र्यावर टिक् वाजलं, ठिपका काळाच राहिला. मी गाल उचलतेय तोवर ठण्ण झालं आणि माझा काळा ठिपका पांढरा झाला. मी तर काही मारलं नव्हतं. मी समोर बघितलं. तुझी रायफल अजून खांद्यालाच होती. तू आधी तुझ्या टार्गेटकडे बघितलंस, तिथे शेवटचा ठिपका काळा. मग माझ्या टार्गेटकडे. मग माझ्याकडे. तुझ्या तोंडावरचा रंग असा उतरला की धुक्यातही दिसला.

दुसरीच्या टार्गेटवर गोळी मारणं! शाळेतल्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवतात, आपला आकडा बघा, मग मारा. आणि तरी ते सगळ्यांचं होतं कधी ना कधी. धुक्यात तर होणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं, ते मला आजही कळत नाही.

पुढचं तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने ऐक. फळीपाशी उभा असलेला आमचा कोच उर्मास हात उंचावून ओरडत होता, "पाचही! सरळ जा, केर्टू, सरळ!" उजवीकडे रस्ता, डावीकडे दंडाची फेरी. मी डावीकडे वळले. एक गोळी चुकली की एक फेरी, दीडशे मीटर, यात विचार करायचं काय होतं? मागून उर्मासचा आवाज असा फाटला की शेजारच्या देशांचे कोचही वळून बघायला लागले. आणि आत फेरीत माझ्या पुढे तू होतीस, तुझ्या न पडलेल्या ठिपक्याची फेरी मारत. धुक्यात आपण दोघीच. तू एकदा मागे वळून बघितलंस. मी आहे हे बघितलंस, का आहे हेही तुला कळलं, आणि तू जोर वाढवून निघून गेलीस.

फेरी मारली नसती तर मी दुसरी आले असते. आमच्या एवढ्याशा एस्टोनियाला किती वर्षांनी कुणीतरी त्या चौथऱ्यावर दिसलं असतं. मी नववी आले.

शेवटच्या रेषेपाशी मी उर्मासला सांगितलं, पाचवा माझा नव्हता. तो म्हणाला, "फळा पाच दाखवतो आणि तू चार म्हणतेस? तू फळ्याला शिकवणार?" तरी बिचारा मला घेऊन पंचांकडे गेला. त्यांनी चित्रफीत पुढेमागे करून बघितली. माझी गोळी आणि ठिपका पडणं यांत इतकं कमी अंतर, आणि धुक्यात सगळं करडं. त्यातला एक मला अगदी मायेने म्हणाला, "बाळ, तू स्वतःविरुद्धच तक्रार करते आहेस, हे लक्षात येतंय ना तुझ्या?" उर्मास टार्गेटचे पत्रे बघायला धावला. माझ्या गोळीचा ओरखडा कडेला असणारच होता. पण शर्यत संपली की पत्र्यांना पांढरा रंग मारतात, तसा मारून झाला होता. नियमाने सगळं बरोबर होतं. जादा फेरी मी माझ्या मर्जीने मारली, तिचा वेळ परत मिळत नाही. एकच माणूस सांगू शकत होतं. ते माणूस त्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभं होतं.

ते मी हॉटेलवर बघितलं. मुलाखत घेणाऱ्याने तुला विचारलं, तुमची जुनी मैत्रीण आहे ना ती, तिने अशी जादा फेरी का मारली असेल? तू टोपी नीट केलीस, हसलीस आणि म्हणालीस, "केर्टूचं गणित पहिल्यापासून कच्चंच आहे." हे ज्याला ऐकायला मिळालं नाही असा माणूस आता आल्प्सपासून आमच्या गावापर्यंत उरलेला नाही. जरा टाळलं असतंस, 'मला माहीत नाही' म्हणाली असतीस, तर मी तुला घाबरट म्हटलं असतं आणि विसरून गेले असते. घाबरायचं कारणही मला माहीत आहे. तुमच्या चमूत एका जागेसाठी चारजणी टपून बसलेल्या, आणि दुसरीच्या टार्गेटवर मारणारीला रिले नाही हा तुमच्या कोचचा कायदा. फेब्रुवारीतला जागतिक रिले डोळ्यांसमोर होता. सगळं समजू शकते. पण हसायची काय गरज होती?

रूपोल्डिंगला पहिली मण्यांची पाटी दिसली. लहान मुलांची मोजायला शिकायची असते तशी, लाल-पिवळ्या मण्यांची, एका जाड्या गृहस्थाने काठीला बांधून आणलेली. अंथोल्झला पाच-सहा होत्या. नोव्हे मेस्तोला मी दंडाच्या फेरीजवळून नुसती गेले तरी सगळा स्टँड एका सुरात ओरडायचा, "एक!" मी पाचही पाडले तरी "एक!" तिथे मी दोन चुकवले आणि खरोखरच दोन फेऱ्या मारल्या, तर दुसऱ्या फेरीला टाळ्या पडल्या, पोरगी दोनपर्यंत पोचली म्हणून! मी त्यांच्याकडे बघून हसले नाही आणि रडलेही नाही. त्या शर्यतीत सातवी आले. टार्मो म्हणाला, "चांगलंय, अजून थोडं चिडवू दे त्यांना, म्हणजे मेण न लावताही पळशील."

आईने मात्र फोनवर माझी हजेरी घेतली. "कुणी मागितलं नसताना फेरी मारून आलीस म्हणे? घरी सांगितलेली भांडी तर कधी घासली नाहीस!" शेवटी म्हणाली, "त्या टोरुनला ऐकलं मी टीव्हीवर. माझ्या घरची राय धान्याची काळी भाकरी दोन उन्हाळे खाल्लीन त्या पोरीने." मी म्हटलं, आई, जाऊ दे. ती म्हणाली, "जाऊ देतेय. पण भाकरी मी मोजून दिली नव्हती, एवढं सांग तिला." सांगितलं.

ते दोन उन्हाळे मला हल्ली फार आठवतात. तुमच्या ज्युनियर चमूतून तुला वगळलं होतं आणि तू हट्टाने ओटेपाला आमच्याकडे सरावाला आलीस. तुझ्या सामानात अर्धी पिशवी ते तुमचं तपकिरी गोड चीज. आई म्हणाली, हा साबण फार छान आहे, आणि तू हसता हसता बाकावरून पडलीस. दुपारी रेंजवर आपण मुद्दाम शेजारच्या चटयांवर समोरासमोर उभ्या राहायचो आणि वेडीवाकडी तोंडं करून एकमेकींचा नेम चुकवायचो. चुकेल तिने चाकाच्या स्कीवर फेरी मारायची. एकदा तुझी पाचवी गोळी पत्र्याच्या कडेला लागली आणि कुरकुरत, धक्क्याने, ठिपका पडला. जुनी टार्गेटं ती, कधीकधी पडायची अशी. मी म्हटलं, लागली, लागली! तू काही न बोलता रायफल पाठीला लावलीस आणि फेरीला निघालीस. उन्हाने डांबर वितळलेलं, तुझी चाकं चिकटत होती. परत आल्यावर मी विचारलं, वेडी आहेस का, पडला होता की तो. तू म्हणालीस, "टार्गेटला काय कळतं? चुकले ते मला माहीत आहे ना. आपली फेरी आपणच मोजायची असते, केर्टू."

तर ती खोड मला तुझ्याकडून लागली. ओबरहोफला उर्मास घसा फाडत होता, तेव्हा मी ऐकत होते ते तुला. आणि तू माझ्यापुढे चार हातांवर होतीस. मला वाटलं, शेवटच्या रेषेपाशी ही माझी वाट बघत थांबलेली असेल.

फेब्रुवारीच्या जागतिक स्पर्धेत उर्मासने मला रिलेतून काढलं. त्याला दुष्ट समजू नकोस. तो मला म्हणाला, आणि हे त्याने डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "चुकणारी मुलगी मला चालते. खोटं बोलणारी नको. मोजायला चुकलीस तर चुकलीस म्हण. दुसऱ्या कुणाच्या गोळीच्या गोष्टी कशाला रचतेस?" त्याच्या हिशेबाने मी लाज झाकायला कथा रचली आहे. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं आहे. सगळ्यांसमोर एकदा सांग की दमले होते, मोजणी चुकली. मग पुढच्या वर्षी चमूत जागा पक्की, मागचं सगळं विसरलं. नाहीतर आमच्या निवड मंडळासमोर तो माझी बाजू घेऊ शकत नाही. मी म्हटलं, मोजणी चुकली नव्हती. तो म्हणाला, "तुला जागा हवी आहे की नाही?" हवी आहे, टोरुन. फार हवी आहे. आमच्यात चारच जागा असतात आणि मला याखेरीज दुसरं काही येत नाही. पण ती अशी नको.

त्या रिलेत मी फळीला टेकून तुला बघत होते. तुझ्या शेवटच्या उभ्या नेमबाजीत तू रिलेत मिळणाऱ्या तीनही जादा गोळ्या वापरल्यास. हाताने एकेक भरताना तुझी बोटं पडद्यावर मोठी मोठी दिसत होती. पाचवा पडला आणि तुमच्या सगळ्यांनी तुला उचललं. गळ्यात पदक घालताना तू माझ्या बाजूला बघितलं नाहीस. नंतरच्या शर्यतींत तू कुठल्या कुठे घसरत गेलीस. वर्षाच्या गुणांत सुरुवातीला पाचवी होतीस, आज चौदावी, म्हणून तर उद्या छातीवर चौदा. लोक म्हणतात दमली, कुणी म्हणतं रायफलचा दस्ता बदलला. मला खरं कारण दिसतं, कारण मी समोरून बघते. तू पाचवी गोळी मारण्याआधी आता दर वेळी शेजारच्या आकड्याकडे बघतेस. दर वेळी. आणि मग वेळ गेला म्हणून घाई करतेस. मला त्यात आनंद नाही. पण माझा क्रमांक तुझ्या वर आला याचा आनंद आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मार्चमध्ये ओटेपाला शर्यत झाली, आपल्या त्याच टेकडीवर. मला वाटलं होतं, निदान माझ्या गावात मण्यांच्या पाट्या नसतील. होत्या. माझ्या शाळेतली पोरं घेऊन आली होती, त्यांना वाटत होतं तो आता माझा झेंडा आहे. मी त्या दिवशी दहाही पाडले. चौथी आले. सगळं आटोपल्यावर, लोक सॉसेज खात उभे असताना, मी रायफल ठेवली, पुन्हा रेंजकडे गेले आणि दंडाची एक फेरी मारली. सावकाश. मान वर करून. आधी कुणीतरी ओरडलं, "एक!" मग बाकीचे गप्प होत गेले. त्या गप्प गर्दीत एकच गाईची घंटा वाजायला लागली, टिणटिण नव्हे, दणादण. आई होती. मी फेरी पुरी करेपर्यंत वाजवत राहिली. नंतर म्हणाली, "भांडी आहेत घरी, ये आता." उर्मास मात्र संतापला. म्हणाला, हा उद्धटपणा आहे. मी म्हटलं, हो, आहे.

आता इथलं. गेले तीन दिवस मी ओस्लोत आहे, तुझ्या घरच्या मैदानावर. खाली वॅफलचा वास, वर जंगलात तंबू ठोकून बसलेले तुमचे लोक, सगळं तसंच. काल सरावाला तू माझ्यासमोरून गेलीस आणि "हाय" म्हणालीस, लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला म्हणावं तसं. मीही म्हटलं. तेव्हाच ठरवलं की लिहायचं. फोनवर तू हसून विषय बदलशील. हे पत्र टार्मो तुमच्या मेणवाल्याकडे देईल. ते दोघे रोज एकमेकांना कॉफी पाजतात आणि आपापल्या मेणाबद्दल धादांत खोटं सांगतात, पण चिठ्ठी पोचवण्यात त्यांच्याइतका प्रामाणिक कोणी नाही. तू हे जेवणाआधी वाचशील असं त्याने सांगितलंय.

आणि आज रात्रीच वाचायला हवं, कारण उद्या सकाळी दहा वाजता पत्रकारांसमोर काय आहे ते तुला माझ्याआधी कळलेलंच आहे. टीव्हीवाले वर्षातल्या सगळ्यात मजेशीर क्षणाचं बक्षीस देतात, ते यंदा मला आहे. मोठी लाकडी मण्यांची पाटी करवून घेतली आहे म्हणे, माझं नाव कोरून. आणि ती मला तुझ्या हातून द्यायची आहे, कारण ते वाक्य तुझं. उर्मासने मला पढवलंय, हसत हसत घे, आणि म्हण की हो बाई, मोजायला चुकले. तेवढं म्हटलं की दुपारी शर्यत संपल्यावर तो माझं नाव पुढच्या वर्षीच्या चौघींत घालेल. मी ते म्हणणार नाही. मी म्हणणार आहे, मी बरोबर मोजलं होतं. मग कुणीतरी विचारणारच, तर मग ती गोळी कुणाची? मी उत्तर देणार नाही. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, त्याची धास्ती बाळगू नकोस. हा मोठेपणाही समजू नकोस. माझ्या चुकलेल्या गोळीला मला साक्षीदार लागत नाही, आणि तुझी फेरी मी मारू शकत नाही. तो प्रश्न आला की खोलीत जरा वेळ कुणीच बोलणार नाही. ती शांतता तुझी असेल. मी तुला आत्ताच सांगून ठेवते आहे, कारण पाठीमागून नेम धरायची मला सवय नाही. पाटी तेव्हा तुझ्या हातात असेल, मी हात पुढे करणार नाही. तुला ती टेबलावर ठेवून देता येईल, हसता येईल, किंवा एक मणी सरकवता येईल. एकच सरकवायचा आहे, तुझ्या त्या पाचव्या गोळीचा. त्यानंतर काहीही झालं तरी अकरा वाजता नेम जुळवायला रेंज उघडेल, वारा डावीकडून असेल म्हणतात, आणि दीड वाजता मी तेरा क्रमांकावर उभी असेन. पहिल्या नेमबाजीला तुला माझ्याशेजारी यावंच लागेल. शेवटच्या उभ्या नेमबाजीला जागा निवडता येते. माझ्या डावीकडची चटई मोकळी असली तर ये. मी समोरूनच बघत असेन.

तुझी, उजव्या हाताची शेजारीण,
केर्टू